उत्तर: गोळा थांबवायचा तर सेकंद मोजायचे की मीटर?

तुमचा प्रश्न असा आहे की 1 किलोचा गोळा 20 मीटर प्रति सेकंद वेगानं येतोय नि 2 किलोचा 10 नं, दोघांचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) सारखाच म्हणजे 20, मग ऊर्जा 200 ज्यूल आणि 100 ज्यूल अशी वेगळी कशी आणि थांबवायला अवघड कुठला? "सूत्रात टाकून बघ" हे उत्तर बहुतेकांना मिळतं, मलाही मिळालं होतं, समाधान काही झालं नाही.

दोघांनाही उलट दिशेनं सारखंच 5 न्यूटन बल लावा. हलक्याचा वेग दर सेकंदाला 5 नं कमी होणार आणि जड गोळ्याचा अडीचनं, म्हणजे दोघं बरोब्बर 4 सेकंदांत थांबतात. संवेग सारखा याचा अर्थ एवढाच, तेवढंच बल तेवढाच वेळ लावावं लागतं. पण त्याच 4 सेकंदांत हलका गोळा 40 मीटर पुढे जातो आणि जड फक्त 20. ऊर्जा या अंतराशी बांधलेली आहे, 5 गुणिले 40 म्हणजे 200, 5 गुणिले 20 म्हणजे 100. तेव्हा अवघड कुठला ते तुमच्याकडे वेळ कमी आहे की जागा कमी आहे यावर ठरतं.

आता ऊर्जेच्या सूत्रात (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) हा वर्ग कुठून येतो ते बघा, गंमत इथेच आहे. हलक्या गोळ्याचे सेकंद सुटे करा: पहिल्या सेकंदात वेग 20 वरून 15, अंतर 17.5 मीटर, मग 12.5, मग 7.5, शेवटी 2.5. प्रत्येक सेकंदात वेग तेवढाच घटतोय, पण वेग जास्त असताना त्याच एका सेकंदात जमीन जास्त मागे पडते. निम्मा वेग घालवायलाच 30 मीटर गेले, उरलेला निम्मा 10 मीटरमध्ये संपला.

गाडी चालवणाऱ्यांनी हे गणित कागदावर जरूर करून बघावं. ब्रेक तोच धरला आणि एक गाडी ताशी 36 किमीवरून 10 मीटरमध्ये थांबली, तर ताशी 72 नं आलेली गाडी त्याच जागी अजून ताशी 62 च्या आसपास असते! मी पहिल्यांदा गणित केलं तेव्हा चुकलंय म्हणून दोनदा तपासलं होतं.

आणि यात गोंधळणारे तुम्ही पहिले नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त वस्तुमान गुणिले वेग हेच गतीचं माप धरायचा, 1686 मध्ये जर्मन गणिती लायबनिझनं ते खोडून वेगाचा वर्ग पुढे केला, आणि त्यावर पुढे कित्येक वर्षं पंडितांची भांडणं चालली. डच प्राध्यापक ग्राव्हेसांदेनं पितळी गोळे मऊ मातीत पाडून बघितले तर दुप्पट वेगाला खड्डा चौपट. फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातलेनं तो प्रयोग उचलून धरला.

खाली एकानं विचारलंय की गोळीइतकाच संवेग बंदुकीलाही मिळतो, मग दोघींच्या ऊर्जेत एवढा फरक कसा; तेही याच हिशोबातलं. 10 ग्रॅमची गोळी 800 मीटर प्रति सेकंदानं सुटली तर 4 किलोची बंदूक 2 नं मागे येते (सुटणाऱ्या वायूंचा संवेग सोडून दिलाय), दोघींचा संवेग 8 च. पण गोळीची ऊर्जा 3200 ज्यूल आणि बंदुकीची फक्त 8, कारण बल नि वेळ सारखे असले तरी गोळी नळीतून 60 सेंटीमीटर पळते तेवढ्यात बंदूक जेमतेम दीड मिलीमीटर मागे सरकलेली असते.