वायूचा धक्का, फेरीचा धक्का

फोंड्याहून प्रश्न आलाय: 'दोन आकाशगंगांच्या टकरीत धक्का बसलेला वायू' असं छापलेलं वाचलं; वायूला कसला धक्का बसणार? 'आघातित वायू' बरं नाही का?

आधी 'दोन आकाशगंगा' बंद करा. आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या दीर्घिका. सांगून सांगून जीभ दुखली.

'आघातित' नको, पक्षाघात आठवतो. धक्काच बरोबर, आणि त्याची खरी गंमत गोव्यातल्या पणजी-बेती फेरीबोटीवर कळते. फेरी टेकते तो धक्का आणि ढकलण्याचा धक्का हे माझ्या मते एकाच पोटचे: चालत आलेलं जिथं अडतं, ती जागा. काही पंडित फेरीच्या धक्क्याला इंग्रजी 'डॉक'चा अपभ्रंश ठरवतात. मग 'डॉक्टर'चा 'धाक्टर' का झाला नाही? शिवाय डॉकसाठी मराठीत गोदी होतीच. गुजराती 'धक्को'सुद्धा दोन्ही अर्थांनी चालतो.

टकरीत तारे सहसा एकमेकांना शिवतही नाहीत. अडतो तो वायू. स्टीफनचं पंचक म्हणजे पाच दीर्घिकांचा घोळका; तिथल्या वायूत एनजीसी ७३१८बी ही दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगानं घुसते आहे. त्या वायूतला ध्वनिवेग याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि दाबाची वर्दी ध्वनिवेगानंच जाते; म्हणून पुढच्या वायूला वर्दीच मिळत नाही. फेरी धक्क्याजवळ आली की वेग उतरवते. इथं तसं कोणी नाही. सगळं एका पातळ थरात तुंबतं, दाबलं जातं, तापतं. तो थर म्हणजे धक्का.

असा धक्का अवरक्त (तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात कशाला शोधतात? हायड्रोजनचा रेणू दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे प्रकाश टाकायला कंजूष. तो ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाश टाकतो, त्या त्याच्या वर्णपटातल्या रेषा; सगळ्यांत कमी ऊर्जेच्या रेषा २८.२, १७.०, १२.३ आणि ९.७ मायक्रॉनवर, म्हणजे अवरक्तात पडतात. नासाच्या स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीनं या पंचकात त्या अनपेक्षित ठळक टिपल्या; निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. पण ९.७ ची रेष नेमकी सिलिकेट धूळ सर्वाधिक शोषते तिथंच येते. धुळीची दुरुस्ती केली नाही तर ती फिकी पडते आणि वायूचं तापमान कमी निघतं.

दुसरी फसगत याच रेणूच्या २.१२ मायक्रॉनच्या रेषेची. ती तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनीही पेटते. म्हणून शेजारची २.२५ ची रेष मोजायची. ती २.१२ च्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर धक्का. विरळ वायूत निम्म्याच्या घरात गेली तर अतिनीलचं काम. लेखात हे गुणोत्तर किंवा दुसरा पुरावा नसेल, तर 'धक्का बसलेला' खोडा आणि 'तापलेला हायड्रोजन' लिहा.