रुपयावाला डॉक्टर: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर लिहिताना मी एका ओळीत म्हटलं होतं की या योजनेचं मूळ आंध्रच्या आरोग्यश्रीत, म्हणजे गरिबांच्या मोठ्या उपचारांचा खर्च सरकारनं उचलायच्या योजनेत आहे आणि आरोग्यश्री आणणारा मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी, म्हणजे वायएसआर, आधी तालुक्याच्या गावात डॉक्टर होता. सगळी योजना राहिली बाजूला आणि पत्रं आली ती त्या एका ओळीवर, म्हणून यावेळी तेच घेते.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्याकडून तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे वायएसआर हे नाव खूप ऐकलंय. पण ते खरंच पेशंट तपासायचे का? की नावापुढे नुसतंच डॉक्टर? (एक शिक्षक, देगलूर)

खरंच तपासायचे, सर. येदुगुरी संदिंटी राजशेखर रेड्डी, गाव पुलिवेंदुला, जिल्हा कडप्पा. एमबीबीएस कुठं केलं तर आपल्या सोलापूरच्या शेजारी, गुलबर्ग्याच्या एम. आर. मेडिकल कॉलेजात. पुढे तिरुपतीला हाऊस सर्जन झाले, काही दिवस जम्मलमडुगूच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं आणि १९७३ मध्ये पुलिवेंदुलात वडिलांच्या नावानं ७० खाटांचं धर्मादाय हॉस्पिटल काढलं. तेव्हा वय किती, तर चोवीस! रायलसीमेचा तो सगळा भाग पावसानं कायम दगा दिलेला, आपल्या जत-आटपाडीसारखा, भुईमूग आला तर आला नाहीतर वर्ष गेलं. अशा ठिकाणी पेशंटकडनं एक रुपया फी घ्यायचे म्हणून लोक त्यांना रुपयावाला डॉक्टर म्हणायला लागले, आणि हे नाव शेवटपर्यंत टिकलं.

मात्र एक गोष्ट मोकळेपणानं सांगते, कारण तो एक रुपया ऐकून आपण भारावून जातो आणि पुढचं विचारायचं राहून जातं. घरची परिस्थिती चांगली होती, वडील राजारेड्डी त्या भागातलं वजनदार प्रस्थ, त्यामुळे हॉस्पिटल फीवर चालवायची वेळच नव्हती. शिवाय रायलसीमेतलं राजकारण म्हणजे गटागटांचं पिढीजात वैर, आणि हे घर त्यात पूर्ण गुंतलेलं, १९९८ मध्ये खुद्द राजारेड्डींचा खून झाला. तेव्हा गरीब डॉक्टर गावाच्या प्रेमावर निवडून आला असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते अर्धंच खरं आहे. प्रेम होतंच हो, पण त्याच्यामागं घराण्याची ताकदही होती. १९७८ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले, मग सहा वेळा विधानसभा, चार वेळा लोकसभा, आणि स्वतः लढवलेली एकही निवडणूक हरले नाहीत.

प्रश्न: माझे मिस्टर म्हणतात ते डॉक्टर होते म्हणूनच ती योजना सुचली. मुलगा म्हणतो मतांसाठी केली. कोण बरोबर? (एक गृहिणी, लातूर)

दोघंही बरोबर आहेत, वहिनी, भांडू नका. २००३ च्या एप्रिल-मे-जूनमध्ये, तेलुगू मुलखातल्या त्या उन्हाळ्यात, ते हैदराबादजवळच्या चेवेल्लापासून ओडिशाच्या हद्दीवरच्या इच्छापुरमपर्यंत सुमारे १,४७५ किलोमीटर पायी चालले, मध्ये राजमुंद्रीला ऊन लागून आडवेही पडले आणि बरे होऊन परत चालायला लागले. मतांसाठीच चालले, त्यात लपवण्यासारखं काय. २००४ ला मुख्यमंत्री झाले आणि पहिली सही केली ती शेतकऱ्यांच्या मोफत विजेवर, दवाखान्यावर नाही.

पण मग मुख्यमंत्री सहायता निधीकडे उपचारासाठी अर्जांचा ढीग यायला लागला, हृदयाचं ऑपरेशन, किडनी, कॅन्सर. तो ढीग कुठल्याही मुख्यमंत्र्याकडे येतोच, चिठ्ठी द्या आणि मोकळे व्हा. मला वाटतं डॉक्टर असण्याचा फरक इथं पडला. ज्यानं ओपीडीत बसून "ऑपरेशन करावं लागेल" असं सांगितलंय त्याला ठाऊक असतं की समोरचा माणूस पुढचा प्रश्न आजाराचा विचारत नाही, तो विचारतो किती लागतील, आणि मग बायकोकडे बघतो. चिठ्ठ्यांच्या जागी हक्काची सोय, म्हणजे आरोग्यश्री, केली ती २००७ मध्ये, आधी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत. पांढरं रेशनकार्ड (तिकडं ते गरिबांचं) दाखवायचं, कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि गरज पडली तर वरचे पन्नास हजार, दवाखाना खाजगी असला तरी चालेल, आणि हात धरून न्यायला दारात आरोग्यमित्र.

हेच आपल्याकडे २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत आलं, नांदेड-सोलापूर त्यातच होते, २०१३ च्या शेवटी राज्यभर झालं आणि २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव लागलं.

मी स्वतः आमच्या गल्लीतल्या एका मावशींना व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला घेऊन गेले होते. मावशींनी केशरी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि रुमाल पोलक्यात असं ठेवलेलं, काउंटरवर काढायला पाच मिनिटं लागली. आरोग्यमित्र पोरगी पंचविशीची असेल, तिनं फोटो काढला, कागद लावले आणि म्हणाली, "आजी, आता पैशाचं कुणी विचारलं तर मला सांगायचं." मावशी मला चार वेळा विचारत होत्या, शेत विकायचं नाही ना गं? त्या दिवसापासून या योजनेला कुणी नुसती मतांची म्हटलं की मला राहवत नाही.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे. योजनेत चांगलं खूप आहे पण चुकीचंही पाहिलंय. त्यावर कुणीच का बोलत नाही? (नांदेड जिल्हा)

बोलायलाच हवं, सिस्टर. आंध्रात काही खाजगी दवाखान्यांनी गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढली, कारण ऑपरेशनचे पैसे सरकारकडून मिळत होते. ओरड झाल्यावर ते ऑपरेशन सरकारी दवाखान्यांपुरतं ठेवावं लागलं, पण ज्या बायांचं गेलं त्यांचं काय? एका ऑपरेशनला ठरलेली रक्कम, म्हणजे पॅकेज, ठेवलं की पॅकेजकडे पेशंट ओढला जातो, हे तुम्ही वॉर्डात बघता तेच आहे.

आणि मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. पैसे मिळणार ते ॲडमिट झाल्यावर, मोठ्या उपचाराला. बीपीची रोजची गोळी, शुगरची तपासणी, पोराचा ताप, म्हणजे पुलिवेंदुलात एका रुपयात जे काम चालायचं, नेमकं तेच आरोग्यश्रीत बसलं नाही! ज्या माणसाचं नाव ओपीडीमुळे झालं त्याच्याच योजनेत ओपीडी नव्हती. गोळी वेळेवर मिळाली असती तर किती जण त्या ऑपरेशन टेबलापर्यंत गेलेच नसते. त्यांना हे कळत नसेल असं मी मानायला तयार नाही, ते डॉक्टर होते. पण ऑपरेशन दिसतं, पेपरात फोटो येतो, आणि ज्याला अटॅक आलाच नाही त्याचा फोटो कुणी काढत नाही. पुढे ते दुरुस्त केलं असतं का काय माहीत, २ सप्टेंबर २००९ ला नल्लमलाच्या जंगलात त्यांचं हेलिकॉप्टर पडलं आणि ते गेले.

प्रश्न: ताई, मी तालुक्याच्या गावात सात वर्षं प्रॅक्टिस करतोय. रोज साठ-सत्तर पेशंट. आता नगरपंचायतीला उभं राहा म्हणून लोक मागं लागलेत. मिसेसचा (त्याही डॉक्टर) कडक विरोध आहे. वायएसआरसारखं दोन्ही जमेल का? (एक डॉक्टर, सोलापूर जिल्हा)

डॉक्टर, आधी हिशोब बघा. त्यांनी हॉस्पिटल काढलं १९७३ ला, आमदार झाले १९७८ ला, १९८० ला मंत्री. म्हणजे जेमतेम पाच वर्षं, त्यानंतर हैदराबाद आणि दिल्ली. हॉस्पिटल होतं कारण मागं घर होतं. तुमच्या दवाखान्यात तुम्हीच डॉक्टर, तुम्हीच मालक आणि एक कंपाउंडर, तुम्ही मीटिंगला गेलात की शटर खाली. मग सगळा भार कुणावर येणार? मिसेसवर. त्यांचा विरोध मला अगदी समजतो, तो भीतीतून आलेला नाही, त्यांनी पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर आणून बघितलीत.

दुसरं म्हणजे, आज तुमच्याकडे दोन्ही पार्ट्यांची माणसं येतात. पॅनल जाहीर झालं की समोरच्या गटातली बाई पोराला घेऊन तुमच्या दाराशी यायला बिचकेल, नवरा म्हणेल तिकडं नको, आणि रात्री दोनला पोराला झटके आले तर ती चाळीस किलोमीटरवर सोलापूरला जाईल. सात वर्षांत कमावलेला हा विश्वास मतमोजणीत कुठंच दिसणार नाही, पण जाईल मात्र नक्की.

तरीही उभं राहू नका असं मी म्हणत नाही. नगरपंचायतीत नाला, कचरा, पाणी हेच तर विषय असतात आणि दर पावसाळ्यात तुम्ही डेंग्यूचे जे पेशंट बघता ते तिथूनच येतात, गावात कुठल्या गल्लीतून किती येतात हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. माझं ऐकाल तर आधी वर्षभर ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत जाता येतं का बघा. तिथं पैसा कसा येतो, कुठं अडतो, सह्या कोण अडवतं हे कळेल, आणि तुम्हाला हे काम झेपतं का तेही. उभं राहायचंच ठरलं तर रोज सकाळी दहा ते एक ओपीडी हलणार नाही हे पॅनलवाल्यांना पहिल्याच बैठकीत सांगा आणि संध्याकाळसाठी पगारी डॉक्टर आत्तापासून शोधा. निवडणुकीच्या तोंडावर फी माफ बिलकुल करू नका, ज्यांची माफ करता त्यांची नेहमीसारखी करा, बोर्ड लावून नको. आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर अर्जच बाद होतो, तुमचं तसं नसेलच, पण पॅनलमधल्या बाकीच्यांचं तपासा.

मिसेसना हे पत्र दाखवा, आणि त्यांना मला लिहायला सांगा. त्यांचं उत्तर आधी छापेन.