बाईकचा आवाज आला तरी धडधडत नाही

“मॅडम, पूर्वी नुसता त्याच्या बाईकचा आवाज आला तरी छातीत धडधडायचं. आता तो घरात येतो आणि मी विचारते, कोथिंबीर आणलीस का? प्रेम संपलं का हो आमचं?”

तीन वर्षं चोरून भेटणं, मग घरच्यांचा विरोध पत्करून लग्न. त्याला आता दीड वर्ष झालेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ‘माझं चुकलं’ असं माहेरी जाऊन सांगायचीही सोय नाही, म्हणून ती जास्तच घाबरली होती.

आधी मी वेगळंच विचारलं. तो अपमान करतो का? हात उचलतो का? पैशांवरून अडवतो का? यातलं काहीही असतं, तर मेंदूतल्या रसायनांचा विषय मी काढलाच नसता. तसं काही नव्हतं.

मग तिला इटलीतल्या पिसा विद्यापीठातलं संशोधन सांगितलं. १९९९ साली दोनातेल्ला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन हे मेंदूतही काम करणारं रसायन वाहून नेणारं प्रथिन त्यांच्यात ओसीडीच्या, म्हणजे तोच तो विचार पाठ सोडत नाही अशा आजाराच्या, रुग्णांइतकंच कमी निघालं. वर्ष-दीड वर्षानं काहींना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पूर्ववत झालं होतं. अभ्यास छोटा आहे, पण जेवण न जाणं, रात्ररात्र एकच चेहरा डोळ्यांसमोर असणं हे शरीर जन्मभर कसं पेलेल?

“सगळ्यात जास्त कधी धडधडायचं?”

“बसस्टॉपवर भेटायचो तेव्हा. काका त्याच रस्त्यानं दुकानात जायचे.”

१९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी कॅनडातल्या एका उंच, झुलत्या पुलावर प्रयोग केला होता. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना तिथे एक तरुणी भेटायची, प्रश्नावली भरून घ्यायची आणि आपला फोन नंबर द्यायची. भक्कम, बुटक्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा या पुलावरच्यांनी तिला जास्त फोन केले. भीतीची धडधड आकर्षणात मिसळते, असा त्यांचा निष्कर्ष. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

“म्हणजे त्यातली थोडी काकांची होती?”

“असेल. आता कुणाची भीती नाही ना?”

“नाही. पण त्याची नाईट शिफ्ट असली की मला झोप लागत नाही.”

“मग काय करतेस?”

“त्याची उशी घेते.” हे सांगताना मात्र ती लाजली.