पाचवी तार

पोरी,

काल रात्री तू पाठवलेल्या सातही लिंका बघितल्या आणि शेवटचा मेसेजही वाचला: ‘काका, चार तारांचा नवा बेस गिटार घेऊ की पाच तारांचा जुना? आईला काय सांगू?’ आईचं तू बघ. मी तारांचं सांगतो.

पाच तारांचा घे, जुनाच घे. पण जी तार वाजवायची नाही ती गप्प ठेवायला शिकणार असशील तरच.

तुमचा गायक काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून गातो म्हणालीस. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोनचा खालचा सा त्याच्याही एक घर खाली, म्हणजे तिथे तो नाहीच. मग तो वरच्या सप्तकात घ्यायचा आणि गाणं अधांतरी सोडायचं. पाच तारांवर ईच्याही खालची एक जाड तार जादा असते, बी. तोच सा तिच्या चौथ्या पडद्यावर तुझी वाट बघत असतो. काळी एकचा दुसऱ्यावर. फेंडरने १९६५ मध्ये पाच तारांचा बेस काढला होता, पण त्यातली जादा तार वरची, सी होती. फार चालला नाही. चालणार कसा? खर्ज मागणाऱ्याला टिपेचा सूर देऊन काय उपयोग!

आता थोडं रागावतो. विकणाऱ्याचा व्हिडिओ मोबाईलवर ऐकून ‘बी मस्त वाजतोय’ असं लिहिलंस, तिथे मी कपाळाला हात लावला. मोकळी ई सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, बी जेमतेम ३१. मोबाईलच्या टिचभर स्पीकरमधून तो सूर बाहेरच पडत नाही. तू ऐकलंस ते त्याच्या वरचे स्वरांश. अगं, जाऊन ऐक. बीचा पाचवा पडदा दाबून वाजव, लगेच मोकळी ई वाजव. सूर एकच आहे, भरीवपणाही साधारण तोच हवा. बी थुलथुलीत वाटली तर तार किती जुनी आहे ते आधी विचार. मग एक डोळा मिटून नेककडे, म्हणजे दांडीकडे, लांबून बघ. बाक असेल तर ट्रस रॉडने, म्हणजे दांडीच्या आतल्या सळईने निघतो. रॉड फिरतो ना, ते विकणाऱ्यालाच पाव फेरा देऊन दाखवायला सांग. पीळ असेल तर चहाला न थांबता उठ. नॉब खरखरले तर बहुतेक वेळा धूळ असते. तू मात्र तोंड वाईट कर आणि हजार रुपये कमी करायला लाव. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा असेल तर नऊ व्होल्टची नवी बॅटरी खिशात घेऊन जा, आणि पुढे घरी वाजवून झालं की केबल काढत जा, नाहीतर बॅटरी बसते.

हे सगळं कुणीही सांगेल. गप्प ठेवायचं कुणी सांगत नाही. मलाही नाही सांगितलं.

१९९८ मध्ये मी हॉटेलात वाजवणाऱ्या एकाकडून पाच तारांचा घेतला. तिसऱ्याच प्रोग्रॅमला साउंडवाला म्हणाला, ‘तुमचा बेस गुरगुरतोय.’ केबल बदलली, बॅटरी बदलली, चार महिन्यांनी बेसच विकला. गुरगुरत होती ती मोकळी सुटलेली बी. शेजारी ढोलकी वाजली तरी ती थरथरते. दोष माझ्या अंगठ्यात होता, आणि ते कळायला नऊ वर्षं गेली.

म्हणून उजवा अंगठा तारांखालच्या पिकअपवर रोवून बसू नकोस. ई वाजवताना तो बीवर टेकव. ए, डी, जी या बारीक तारांकडे सरकशील तसा तोही सरकू दे, बी आणि ई दोघींवर आडवा पडू दे. डाव्या हाताची रिकामी बोटं इतर तारांवर नुसती टेकव, दाबू नकोस. पहिला महिना एकही गाणं बसवलं नाहीस तरी चालेल. ‘कंटाळा येतो’ म्हणू नकोस, मला ऐकायचं नाही.

आणि तो बेस मी फक्त गुरगुरण्यापायी विकला असंही समजू नकोस. थोरलीची फी भरायची होती. चार तारांवर पुढे दोनशेच्या वर प्रोग्रॅम केले, कुणाची तक्रार आली नाही. चार तारांत कमी काही नसतं. तरीही काळी दोनचं गाणं लागलं की अंगठा आजही नसलेल्या तारेवर टेकायला जातो. जाऊ दे.

रविवारी दहाला चिंचवड स्टेशनवर ये. पाच तारांचं वजन खांद्याला जाणवतं, तेव्हा रुंद बेल्ट सोबत आण. व्यवहारात मी एक शब्द बोलणार नाही. तू ए वाजवत असशील, तेव्हा मी फक्त बीकडे कान लावून बसेन.

तुझा,
काका