हणजूणच्या जुन्या पार्ट्यांत हाऊस वाजायचं का, आणि डीजे रेकॉर्ड लावायचे का?

हाऊस म्हणजे शिकागोतून आलेलं, यंत्रांवर वाजवलेलं नाचाचं संगीत. प्रश्नकर्त्याला ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गोव्याबद्दल विचारायचंय, आणि कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का, हेही. पाहिलंय. म्हापशात मामाचा माइक-स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. जत्रेतल्या नाटकाला जे स्पीकर जायचे तेच दोन दिवसांनी हणजूणशेजारच्या वागातोरच्या डिस्को व्हॅलीत उभे राहायचे. जनरेटरवर लक्ष ठेवणं, डिझेल घालणं आणि उन्हं वर आली की केबली गुंडाळणं हे माझं काम. नाचणाऱ्यांपेक्षा मी डीजेच्या टेबलाजवळच जास्त असायचो.

तर रेकॉर्ड नाहीत, कॅसेटी. इथल्या उन्हात रेकॉर्ड वाकडी होते आणि धुळीत सुई टिकत नाही. शिवाय युरोपातून सहा महिन्यांसाठी येणारा माणूस एवढं ओझं आणणार कसा? म्हणून टेबलावर सोनीचे दोन प्रोफेशनल वॉकमन, एक लहानसा मिक्सर, हेडफोन आणि बुटांच्या खोक्यात कॅसेटी. त्यातल्या एका मॉडेलला वेग कमी-जास्त करायचं बारीकसं चाक होतं. डीजे दातांत टॉर्च धरून कॅसेटीवरचं पेनाने लिहिलेलं वाचायचा, हेडफोनवर पुढचं गाणं शोधून टेप नेमक्या जागी थांबवायचा आणि चालू गाण्याचा ठेका विरत आला की दुसरीचा आवाज हळूच चढवायचा. ठेक्यावर ठेका बसवणं क्वचितच जमायचं, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नसे.

हाऊस वाजायचं का? वाजायचं, पण सोलून. शिकागोचं ॲसिड हाऊस (हाऊसचाच चिरक्या सिंथ-आवाजाचा प्रकार), बेल्जियमचा फ्रंट २४२ आणि इंग्लंडचा नित्झर एब हे बँड असं सगळं एकत्र. मायदेशी असतानाच ही मंडळी कॅसेटीवर काटछाट करायची. गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा आणि आवडलेला वाद्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून लांबवायचा. फ्रेंच डीजे लॉराँ यात वस्ताद मानला जायचा. मूळचा कॅलिफोर्नियाचा डीजे गोवा गिल (तो २०२३ मध्ये गेला) मध्यरात्री काळोखं, जड संगीत लावायचा आणि सूर्य वर येताना सुरेल. 'हाऊस' हे नाव शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबवरून पडलं. तिथे डीजे फ्रँकी नकल्स जे लावायचा त्यात गळ्याने गायलेलं भरपूर असायचं. आमच्याकडे नेमकं तेच कापलं जायचं. मला विचाराल तर त्यात थोडं नुकसानही झालं.

१९९० च्या आसपास डॅट, म्हणजे डिजिटल टेप, आलं. आवाज स्वच्छ, पण वेगाचं चाक नाही. मग ठेका नसलेली लांबलचक सुरुवात आणि तसाच शेवट असलेली गाणी सोयीची ठरली, आणि पुढे ती मुद्दामच तशी बनवली जाऊ लागली. या पार्ट्यांतून घडलेल्या गोवा ट्रान्स संगीताच्या त्या मिनिटभर तरंगणाऱ्या सुरुवातीला लोक अध्यात्म चिकटवतात. माझ्या मते अर्धं श्रेय त्या यंत्राचं.

पार्टीचा दुसरा अर्धा भाग चटयांवर असायचा. गावातल्या बायका संध्याकाळीच चटया अंथरून, चिमणी पेटवून, स्टोव्हवर चहा ठेवून बसायच्या. आमलेट-पाव, भजी, सिगारेटी सगळं त्यांच्याकडे. स्पीकर कुठल्या बाजूला लावलाय यावर कोणाची चटई कुठे पडणार हे ठरायचं, त्यामुळे मामाला आधीच विचारणा व्हायची.

याच विषयात चरणजित सिंग यांचं नाव हमखास येतं. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये रोलंडच्या ३०३ (बेस सिंथ) आणि ८०८ (ड्रम मशीन) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून रेकॉर्ड काढली. ॲसिड हाऊसची सुरुवात मानली जाणारी शिकागोची रेकॉर्ड 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ ची. म्हणून ॲसिड हाऊस मुंबईत जन्मलं म्हणणं मात्र मला पटत नाही. सिंग यांची रेकॉर्ड तेव्हा फारशी कोणी ऐकलीच नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर गाजली. हणजूणला तर ती माझ्या कानावर कधी आली नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद झाले. आमच्या धंद्याला जत्रा उरल्या.

ऐकायचं असेल तर लॉराँच्या कॅसेटींच्या प्रती लोकांनी नेटवर चढवल्या आहेत. टेपची खरखर आहे, मधूनच आवाज डगमगतो. साफ केलेली प्रत मिळाली तरी आधी तीच ऐका.