बाईंना विचारा : उपवासकाळात निवांतपणा आणू कुठून?

प्रश्न : बाई, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी ठरवलं होतं, यंदा मटण बंद, रोज रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसाच्या वाटेवरच्या एकेका स्थानाशी थांबून करायची प्रार्थना, आणि जमलं तर तीन दिवसांचं एकांत-प्रार्थनेचं रिट्रीट. पंधरा दिवसांत सगळं बारगळलं. पहाटेची लोकल पकडते, घरी यायला रात्रीचे आठ. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. रोजरी घेऊन बसले की तिसऱ्या रहस्याला, म्हणजे जपाच्या तिसऱ्या भागाला, डोळा लागतो. मटण सोडलं, पण आत काही हललेलं नाही. मन शांत व्हायला काय करू?
— एक वाचक, वसई

उत्तर : अगं, तुझी यादी वाचूनच मला दम लागला!

माझंच सांगते. बावीस वर्षं आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, क्रूसाची वाट मी सांगायचे. खणखणीत आवाज, आणि त्याचा थोडा तोराही. एका वर्षी ऐन उपवासकाळात घसा बसला. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे कुजबुजायचंसुद्धा नाही. माइक दुसऱ्या एका बाईच्या हाती गेला, मी मागच्या बाकावर. खोटं कशाला बोलू, पहिली चार स्थानं मी तिच्या चुका मोजण्यात घालवली. पाचव्याला शिमोन कुरेनेकर आला. मार्कच्या शुभवर्तमानात आहे, तो रानातून येत होता. त्यानं काही ठरवलेलं नव्हतं, कसली तयारी नव्हती. वाटेतच त्याला वेठीला धरलं आणि येशूचा क्रूस वाहायला लावला. इतकी वर्षं मी हे मोठ्यानं वाचत आले होते, ऐकलं मात्र त्या दिवशी.

तू यादी करत बसलीस, त्याआधीच तुझ्या खांद्यावर कुणीतरी क्रूस ठेवलाय बघ.

म्हणून रिट्रीट यंदा राहू दे. रोजरीचं एकच रहस्य म्हण, पण जागी राहून. रात्री सासूबाईंचं अंग पुसून, कपडे बदलून झाले की लगेच उठू नकोस. मोबाइल स्वयंपाकघरात ठेव आणि खाटेच्या कडेला दहा मिनिटं नुसती बस. काही म्हणायचं नाही, मागायचं नाही. त्यांचा हात हातात राहिला तर राहू दे. उद्याच्या डब्याची भाजी डोक्यात येईल. येईल तशी जाईल. माझ्या डोक्यात अजून वालाच्या शेंगा येतात.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मिस्सात मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा वाचतात: प्रार्थना करताना खोलीत जा, दार लाव. तुला वेगळी खोली कुठली मिळणार? सासूबाईंची आहे ना, तिचंच दार लोटून घे. त्याच उताऱ्यात पुढे आहे, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू. ते तेल मला फार आवडतं. सुतकी चेहऱ्याचे उपासकरी प्रभूला नकोच होते.

आणि एक हिशेब. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार सोडले की ४०. रविवार उपासात धरतच नाहीत! त्या दिवशी नवऱ्याला सांग, आज आईंचं तुम्ही बघा. आणि तू एकटी बावखलापर्यंत, आपल्या गावतळ्यापर्यंत, चालून ये. रोजरी घरीच राहिली तरी चालेल.

प्रश्न : वय ६४, मधुमेह आहे. उपासाच्या दिवशी चक्कर येते. तरीही नेटानं उपाशी राहिलो तर पुण्य जास्त लागेल का?
— एक वाचक, आगाशी

उत्तर : नाही हो! चर्चचा उपासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या लोकांना, तोही राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) एवढे दोनच दिवस. आजाऱ्यांना तर कोणत्याही वयात सूट. त्या दिवशी मांस तेवढं टाळा. जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नका. क्रूसाची वाट खुर्चीत बसून करा. खुर्ची मागायची लाज वाटत असेल तर मला सांगा, मी मागते. घसा आता ठणठणीत आहे.