जर्मनीत लेकराला ताप आला तर

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांना जर्मनीत नोकरी लागली, लेक दोन वर्षांची आहे, तर तिथल्या पाळणाघरात तिला ताप आल्यावर कसं करायचं. मी दारव्ह्याकडची, इथे सहा वर्षं झाली, दोघंही नोकरी करतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे अंगणवाडीत लेकरू मलूल दिसलं की सेविका निरोप धाडते आणि आजी नाहीतर काकू वावरातून येऊन घेऊन जाते. इथे धावणारे तुम्ही दोघंच. पाळणाघराला 'किटा' म्हणतात. तिथून फोन आला की लगेच न्यावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच परत घेतात. मोजतात सेल्सिअसमध्ये, 38 म्हणजे आपला 100.4.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून चूक झाली. ऑफिसात मीटिंग होती, पोराचं अंग कोमट लागत होतं, तरी सातला पॅरासिटामॉल पाजून सोडून आले. साडेदहाला फोन. जाऊन बघते तर जॅकेटांच्या खुंट्यांखाली बाकावर, बाईंच्या मांडीवर निपचित पडलेला, ताप 39.4. मला बघून नुसता हात वर केला, रडलाही नाही. आजही आठवलं की पोटात कालवतं. ताप झाकून पाठवू नका हो. औषध उतरलं की तो चढतोच, आणि बाकीच्या लेकरांनाही लागण होते.

सुट्टीची तेवढी धास्ती नको. आई-बाप आणि मूल सरकारी आरोग्य विम्यात असेल, तर 2024 पासून 12 वर्षांखालच्या दर मुलामागे दोघांनाही वर्षाला 15-15 दिवस मिळतात. डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण 90 टक्के विमा देतो. मात्र घरात सांभाळणारं दुसरं कुणी नसावं ही अट आहे. पहिल्या वर्षी हे दिवस भराभर संपतात, लहान लेकरं वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी-तापाने पडतात. म्हणून आजचा फोन कोण घेणार, हे दोघांनी सकाळीच ठरवा.

रात्री-सुटीला डॉक्टरसाठी 116117. झटका आला किंवा श्वास लागला तर थेट 112.

आणि लसीचं कार्ड विसरू नका. मार्च 2020 पासून गोवराच्या लसीच्या पुराव्याशिवाय किटात प्रवेश नाही, दोन वर्षांच्या मुलाला दोन डोस लागतात. गोवर-रुबेलाच्या दोन्ही तारखा आणि एएनएमबाईंची सही उपकेंद्रात जाऊन बघून घ्या. माझ्या पोराच्या कार्डावर दुसरी नोंदच नव्हती, सासऱ्यांना तीन चकरा पडल्या.